ओटीवरचं सलाईन

आमच्या बिल्डिंगच्या मागे अजून एक शेत उरलं आहे. बदलापूरशेजारच्या आमच्या चिखलोलीत आता शेत उरलं असेल तर समजावं की भावकीत वाद आहे, असं आमचे शेजारी म्हणतात, आणि ते खरंही असावं. पण त्या वादाच्या कृपेने माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला अजून भात दिसतं. दसऱ्यानंतर ते पिवळं पडायला लागतं, दिवाळीच्या सुमारास वाकतं, आणि मग एखाद्या सकाळी कुकर लावताना खिडकीतून तो वास येतो. कापलेल्या भाताचा, अर्धवट वाळलेल्या पेंढ्याचा, दवाचा. त्या दिवशी माझं शाळेतही लक्ष लागत नाही. मुलं पाढे चुकीचे म्हणत असतात आणि मी मान डोलावत असते.

मुलगी विचारते, आई, दरवर्षी याच दिवसांत तुला काय होतं? हवा बदलली की होतं असं, मी म्हणते. तिला काय सांगणार? ती लिफ्ट बंद पडली तर शेतातून आल्यासारखी दमते.

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. धरणाशेजारी जन्मले आणि आता टँकरच्या वेळा सांभाळत म्हातारी होते आहे, याचं मला कधी हसू येतं, कधी संताप येतो. गावात आमची भातशेती. आम्ही तिघं भावंडं: मोठी मंदाताई, मधला दादा आणि शेंडेफळ मी. शेंडेफळ असल्याने मला कापणीला विळा मिळायचा नाही, पाण्याची कळशी मिळायची. बांधावरून कळशी नेताना पायाला कापलेल्या भाताच्या धसांची टोकं टोचायची आणि मी उगाच मोठ्याने रडायचे. ताई वाकलेली असायची, मागे वळूनही बघायची नाही. तिचा विळा एका लयीत चालायचा. तिच्यामागे आडवं पडलेलं भात सरळ रेषेत दिसायचं, आणि आईच्या, म्हणजे आम्ही जिला आय म्हणायचो तिच्या, रेषा मात्र वाकड्या. बाबा चिडवायचे, आयनं भात कापलं की कोंबड्यांनी?

भाताचा भारा एकट्याला उचलता येत नाही. म्हणजे जवान गडी उचलेलही, पण आमच्याकडे तशी रीत नाही. भारा बांधून झाला की बांधावर उभं राहायचं आणि जो पहिला दिसेल त्याला हाक मारायची, हात लाव रे. ज्याच्याशी बांधावरून भांडण चालू आहे, तोसुद्धा नाही म्हणत नाही. येतो, हात लावतो, भारा डोक्यावर चढवून देतो आणि न बोलता निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायला मोकळा.

ताई नर्स झाली तरी ही सवय सुटली नाही. उल्हासनगरला ज्या सरकारी इस्पितळात तिची उभी नोकरी झाली, तिथे पेशंटला कुशीवर वळवायचं असलं की ती कधी एकटी झोंबायची नाही. हात लावा, म्हणून ओरडायची, आणि शेजारच्या कॉटच्या नातेवाइकापासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे यायचे. वॉर्डात सिंधी पेशंट भरपूर. त्यांच्या बायकाही एकमेकींना सांगायला लागल्या होत्या, जा जा, हात लगाओ, सिस्टर बुला रही है. कापडाच्या दुकानवाली एक सिंधी म्हातारी तिला मुलगीच मानायची. दर दिवाळीला एक ड्रेसपीस घेऊन वॉर्डात हजर. ताई नको म्हणायची, म्हातारी रडायला लागायची, मग ताई घ्यायची. ते सगळे ड्रेसपीस माझ्या अंगावर आले.

ती नर्स का झाली, हे मला नीट सांगता येणार नाही. आमच्या लहानपणी गावात लस टोचायला एक नर्सबाई यायच्या. चपला हातात घेऊन बांधावरून तोल सावरत यायच्या. त्यांची बर्फाची पेटी ताई उचलायची आणि घरोघर त्यांच्याबरोबर फिरायची. बाकीची पोरं नर्सबाई दिसल्या की भाऱ्यांच्या उडवीमागे लपायची, आणि ताई त्यांना शोधून काढून द्यायची. त्यावरून तिनं मारही खाल्ला असेल. पुढे ठाण्याला ट्रेनिंगला गेली. आय म्हणायची, लोकांची घाण काढायला पोरीला कशाला धाडायची? बाबा म्हणाले, गुरांची काढते ती चालते, माणसांची काढली तर काय बिघडलं?

ट्रेनिंगमधली तिची एक गोष्ट आमच्या घरात फार वर्षं चालली. आमच्याकडे खळ्यावर भाताची रास मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजायचं. ताई नाडी मोजायला शिकली तेव्हा पहिल्या ठोक्याला तिच्या तोंडून लाभच निघायचं. शिकवणाऱ्या केरळी बाईंना कळेना, हे लाभ काय आहे. ताईनं समजावून सांगितलं. बाई खूप हसल्या आणि म्हणाल्या, म्हण, पण मनात म्हण. बाबांना हे इतकं आवडलं की येईल त्याला सांगत सुटायचे. पोरगी शहरात जाऊन माणसं मोजते, पण आपल्या पद्धतीनं.

ताई सुट्टीला गावी आली की आमची ओटी म्हणजे दवाखाना. कुणाचं बीपी, कुणाची साखर, कुणाच्या सुनेचे दिवस. आणि कापणी संपता संपता प्रत्येकाची मागणी एकच: अंगात काय राहिलं नाय, एक बाटली लाव. बाटली म्हणजे सलाईन. आमच्या गावाचा देवावर नसेल इतका विश्वास सलाईनवर. पांढऱ्या पाण्याची ती बाटली थेंब थेंब अंगात गेली की मेलेला माणूस उठून बसतो, अशी पक्की समजूत. ताई वैतागायची. अरे, त्यात मिठाचं पाणी असतं, नुसतं मिठाचं पाणी, भात खा, वरण खा, दोन दिवस पडून राहा. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, ते खरं, पण लाव की एक. शेजारचे धोंडूकाका तर बाटली लागल्याशिवाय त्यांची कापणी संपली असं मानायचेच नाहीत. डॉक्टरांना विचारून ताई कधी एखाद्याला लावायचीही. त्या लावलेल्या बाटल्याच पुढे आमच्या वाटेत आल्या.

मग एका वर्षी बाबा नवरात्रात आजारी पडले. पायांवर आधीपासून सूज होती. चिखलात उभं राहून आली, म्हणत ते टाळत होते. उल्हासनगरला ताईच्याच इस्पितळात नेलं. मूत्रपिंडं निकामी झालेली, हृदय थकलेलं. पुढचे उपचार या वयाला आणि या हृदयाला झेपणार नाहीत, असं मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं. इस्पितळाच्या आवारात, चहाच्या टपरीपाशी, ताईनं मला आणि दादाला उभं केलं. वॉर्डातल्या नातेवाइकांशी बोलायचा तिचा एक आवाज आहे, हळू आणि सपाट. त्या आवाजात ती म्हणाली, "आता घरी न्यायचं आणि सेवा करायची."

दादा म्हणाला, म्हणजे? ताईनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांनी तिला हा प्रश्न विचारला असणार. मला तेव्हा तिचा राग आला. एवढी मोठी नर्स, एवढी ओळख, आणि बापाला घरी ने म्हणते. हा राग किती निरर्थक होता ते मला त्याच क्षणी कळत होतं, तरी तो गेला नाही.

घरी आणलं तर कापणी ऐन भरात. दादाला शेतात जाणं भाग होतं, कारण ढग यायला लागले होते. बाबांची खाट आम्ही ओटीवर घातली. तिथून समोरचं खळं दिसायचं. आयनं खळं सारवून घेतलेलं, भारे येऊन पडत होते, दिवसभर झोडणीचा धप धप आवाज. बाबा बहुतेक वेळ गुंगीत. मध्येच डोळे उघडायचे, खळ्याकडे बघायचे, पुन्हा मिटायचे. ताई रजा घेऊन आली होती. ती त्यांना पुसायची, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, ओठ ओले करायची. पाणी मात्र मोजकंच द्यायची. बाबा पाणी मागायचे आणि ती बोट बुडवून ओठावर फिरवायची. ज्या माणसानं आयुष्यभर गुडघाभर पाण्यात उभं राहून लावणी केली, त्याला पोटची पोर घोटभर पाणी देत नाही, हे बघणं मला सहन व्हायचं नाही. मी उठून चुलीपाशी जायचे.

आणि लोक यायचे. विळा कमरेला खोचलेला, अंगाला भाताची कुसळं, असे थेट शेतातून ओटीवर यायचे, बाबांकडे बघायचे, मग वर बघायचे. वर म्हणजे खाटेच्या वरच्या वाशाकडे. तिथे बाटली नव्हती. आणि मग ताईकडे बघायचे. सुरुवातीला कुणी बोललं नाही. मग विचारायला लागले, बाटली संपली का? आणायची का बदलापुरातनं? ताई प्रत्येकाला समजावून सांगायची. शरीरात आधीच पाणी साठलंय, बाहेर पडत नाहीये, वरून अजून घातलं तर छातीत भरेल, श्वास कोंडेल. ते मान हलवायचे. अंगणात उतरले की कुजबुजायचे. धोंडूकाका तर कुजबुजलेही नाहीत. आयला ऐकू जाईल असं म्हणाले, "गावाला बाटल्या लावल्या, आन् बापाला नाय."

त्या दिवशी आय जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताईसमोर येऊन बसली. हाताला शेण तसंच होतं.

"मंदे, एक बाटली लाव. माजं ऐक."

"आय, बाटलीनं त्यांचा जीव जाईल गं."

"नाय लावली तर ऱ्हाणार हाये का?"

मी ताईला पेशंटच्या गावगुंड नातेवाइकांशी भांडताना पाहिलं आहे, डॉक्टरांना तोंडावर सुनावताना पाहिलं आहे. आयपुढे ती नुसती बसून राहिली. तिच्या हातात बाबांचं मनगट होतं, आणि ती नाडी मोजत नव्हती, नुसतं धरून होती.

दुपारी ती दादाच्या मोटारसायकलवरून बदलापूरला गेली आणि सलाईनच्या काही बाटल्या, नळी, चिकटपट्टी असं सगळं घेऊन आली. मला बाजूला घेऊन काय करायचं ते सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. वाशाला सुंभ बांधून बाटली टांगली. बाबांच्या हाताला बँडेज गुंडाळलं, त्यावर चिकटपट्टी. नळी त्या बँडेजखाली गेली, पण सुई नव्हतीच. नळीचं टोक बँडेजच्या दुसऱ्या बाजूने बाहेर काढून गोधडीआडून खाली सोडलं, खाटेखाली ठेवलेल्या तांब्यात. थेंब पडताना दिसायला हवे होते, नाहीतर कुणी विश्वास ठेवला नसता. तांब्या कुणाच्या नजरेला न पडता रिकामा करायचं काम माझं. ताई म्हणाली, हे बघ, आयुष्यात पेशंटच्या बाबतीत कधी खोटं केलं नाही.

आय आली. टांगलेल्या बाटलीकडे, थेंबांकडे बघत उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला, बाबांच्या कपाळावर हात ठेवला, आणि आत जाऊन ताटात भात वाढून घेतला. मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. ताई ओटीच्या खांबाला टेकून बसली होती. आयच्या जेवण्याचा आवाज ती कान देऊन ऐकत होती.

गाव तर खूशच झालं. धोंडूकाका येऊन बघून गेले आणि म्हणाले, तोंडावर तरतरी आली बघ. बाबांच्या तोंडावर कसलीही तरतरी नव्हती. पण दिवसभर जो येईल तो हेच म्हणायचा, आणि एका क्षणी मलाही वाटायला लागलं की आली असेल. माणसाचं मन किती लबाड असतं. थेंब तांब्यात पडतायत हे ठाऊक असूनही मी बाबांच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होते.

रास मोजायचा दिवस आला. वाऱ्यावर भात उफणून झालं होतं, मधोमध सोनेरी ढीग. मोजताना खळ्यावर कुणी बोलत नाही. पायताणं बाहेर, माणसं गप्प, पाखरांचा तेवढा आवाज. हे मोजणं नेहमी बाबांचं. त्या वर्षी दादा बसला. त्यानं पहिली पायली भरली आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. ओटीवरून बाबांचे ओठ हलले. आवाज आला नाही. ताईनं पाहिलं आणि तिनं ओटीवरूनच हाक दिली, लाभ. बाईमाणसानं ते म्हणायची आमच्यात पद्धत नाही. दादानं पायली ओतली आणि पुढे दोन म्हणाला.

त्याच दिवशी, रास घरात आल्यावर, बाटली संपली म्हणून मी खाटेखाली वाकले तर तांब्या रिकामा. धुऊन पालथा घातलेला. आदल्या दिवशीही असंच झालं होतं, तेव्हा मला वाटलं होतं, ताईनं केला असेल. मी ताईला विचारायला निघाले, तर ती बाबांच्या उशाशी बसल्या बसल्या डुलकी घेत होती. म्हणून तिला न उठवता परसात हात धुवायला गेले. नंतर बाटली बदलली, पुन्हा तांब्या ठेवला. तिसऱ्या प्रहरी परसात लाकडं आणायला गेले तर आय तिथे उभी. हातात तोच तांब्या. ती केळीपासून लांब जाऊन, कुंपणापलीकडे पाणी ओतत होती.

मला बघून ती दचकली नाही. म्हणाली, "केळीला नाय घालायचं. खारट हाये."

तिनं बोट बुडवून चाखलं होतं. लोटण्या-झाडण्याला ती खाटेखाली वाकायची, हे आम्हा दोघी शिकलेल्या बायकांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तिला तांब्या सापडला होता, आणि नळीही. मी लाकडं उचलायची सोडून तशीच उभी राहिले. आयनं तांब्या पदरानं पुसला.

"लोक बोलायला लागली व्हती तिला. आता नाय बोलत," ती म्हणाली. मग जरा थांबली. "तिला नको सांगू. तिच्या हातात दुसरं काय ऱ्हायलं नाय. आयला तरी धीर दिला, एवढं वाटू दे तिला."

आणि ती आत गेली, वाकली, तांब्या होता तिथे ठेवला. मी पाहिलं, नळीचं टोक तिनं पुन्हा नीट त्यात सोडलं आणि गोधडीचा काठ वरून ओढून घेतला. मग ओटीवर ताईशेजारी जाऊन बसली. दोघी वर बघत होत्या, पडणाऱ्या थेंबांकडे.

बाबा त्यानंतर फार राहिले नाहीत. सकाळी, दादा पेंढा रचत असताना गेले. ताईनं नाडी बघितली, डोळे मिटवले, मग उठून बाटली बंद केली, बँडेज सोडलं आणि सगळं गुंडाळून पिशवीत घातलं. हे सगळं तिनं इतकं नेहमीसारखं केलं की मला भीती वाटली. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा दादानं हाक दिली आणि धोंडूकाका पहिले पुढे आले. तेराव्यापर्यंत गाव म्हणत होतं, शिस्टरनं कमी नाय केलं, शेवटपर्यंत बाटली चालू व्हती. आय प्रत्येकाला हो म्हणायची.

आयही आता नाही. जाईपर्यंत तिनं तो विषय काढला नाही आणि मीही नाही. ती गेली तेव्हा मला वाटलं, आता मी सुटले, आता ताईला सांगता येईल. पण ताई आयला आठवून रडायची आणि रडून झालं की म्हणायची, बाबांसाठी माझ्या हातून काहीच झालं नाही, पण आय तरी निवांत झाली. एवढ्या माणसांना बरं करून घरी पाठवणारी बाई. तिला स्वतःच्या घरात करता आलेली ही एकच गोष्ट. आणि ती तशी घडलीच नव्हती, हे फक्त मला ठाऊक. सांगावं तर तिच्याकडचं ते एवढंसं काढून घेतल्यासारखं, न सांगावं तर आयनं तिच्यासाठी काय केलं ते तिला कधीच कळणार नाही. मला दोन्ही झेपत नाही. मी दरवर्षी भाताच्या वासाबरोबर हे काढते, उलटंपालटं करते आणि परत ठेवून देते.

ताई आता निवृत्त झाली. उल्हासनगरलाच, कॅम्प चारला राहते. गल्लीतली अर्धी सिंधी घरं तिला अजून सिस्टरच म्हणतात आणि बीपी मोजायला येतात. गुडघे दुखतात म्हणून रिक्षेने येते माझ्याकडे. परवा आली होती. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो आणि खिडकीखाली ते शेत कापणं चालू होतं, यंत्राने. यंत्र एका फेरीत कापतं, झोडतं, पेंढा मागे टाकतं. ताई खुर्ची सरकवून बघत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"शालू, आयला तेव्हा काही कळलं नसेल ना गं?"

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, "आयला काय कळतंय त्यातलं."

ताईनं मान डोलावली. यंत्र बांधापाशी वळत होतं, तिकडे बघत ती म्हणाली,

"तेवढं एक तरी नीट जमलं मला."